होडी, हौदा आणि बिछाना

पिकअप ट्रकचा हौदा पाच ते आठ फूट लांब असतो. समुद्रात वल्हवायची कायाक सोळा-सतरा फुटांची असते. झोपणाऱ्या माणसाला पाय पसरायला सव्वासहा फूट लागतात, आणि तेही बहुतेक वेळा होडी जिथे ठेवायची नेमक्या त्याच जागेत. कायाक वाहून नेणे आणि गाडीतच मुक्काम करणे ही दोन्ही कामे एकाच ट्रककडून करून घ्यायची असली, की सगळी बांधणी या तीन मापांच्या भांडणातून उभी राहते. अमेरिकेत आणि कॅनडात या गरजेवर मोठा बाजार वाढला आहे. रॅक, हौद्यावरची टोपणे, सरकते खण, टपावरचे तंबू, बारा व्होल्टचे फ्रीज असे सगळे तयार मिळते. मात्र या मालाची यादी म्हणजे विषय नव्हे. कोणता ट्रक कसा बांधावा याचे उत्तर दोन प्रश्नांवर ठरते. होडी किती लांब आणि किती जड आहे? आणि रात्र कुठे काढायची आहे, गाडीपाशी की पाण्याच्या काठी? हे दोन प्रश्न सुटले की बाकीचे निर्णय आपोआप रांगेत येतात. आधी रॅक घेऊन मग होडी शोधणाऱ्याला सहसा दुसरा रॅक घ्यावा लागतो.

पिकअप हे मुळात कामाचे वाहन. फोर्ड कंपनीने १९२५ मध्ये मॉडेल टी गाडीच्या मागे पोलादी पेटी जोडून ती थेट कारखान्यातून विकायला काढली, तेव्हा तिची किंमत २८१ डॉलर होती. शेतावरचा चारा, सुताराच्या फळ्या, दुधाचे कॅन अशा मालासाठी ती पेटी होती. तिच्यात राहण्याची कल्पना पुढची. १९६० मध्ये कादंबरीकार जॉन स्टाइनबेक जीएमसीच्या पिकअपवर छोटी खोली चढवून, आपल्या कुत्र्याला सोबत घेऊन देशभर हिंडले. गाडीचे नाव त्यांनी डॉन किहोतेच्या घोड्यावरून ‘रोसिनान्ते’ ठेवले होते. त्या प्रवासाचे पुस्तक १९६२ मध्ये निघाले आणि तो ट्रक आज कॅलिफोर्नियातील सलिनास गावी स्टाइनबेक यांच्या स्मारक-संग्रहालयात उभा आहे. त्यानंतरच्या दशकांत पिकअप घरातली रोजची गाडी झाली. फोर्डची एफ मालिका १९७७ पासून अमेरिकेत सर्वाधिक खपणारी पिकअप आहे. घरची गाडी झाल्यावर तिला चार दारे आणि मागचे ऐसपैस आसन आले, आणि केबिन जितकी वाढली तितका हौदा आखडला. कामगाराच्या जुन्या ट्रकला आठ फुटांचा हौदा असे. आज शहरी ग्राहकाच्या ट्रकला बहुधा साडेपाच फुटांचा मिळतो. कायाक वाहणाऱ्याच्या निम्म्या अडचणी या आखडलेल्या हौद्यातून निघालेल्या आहेत.

होड्यांचेही प्रकार आहेत. खळाळत्या नदीत उतरायची कायाक सहा ते नऊ फुटांची आणि साधारण वीस किलोची. ती हौद्यात तिरकी टाकली तरी चालते. तळ्यात किंवा संथ नदीत हौसेने वल्हवायची नऊ ते बारा फुटांची असते. समुद्री कायाक चौदा ते अठरा फूट लांब, जेमतेम दोन फूट रुंद आणि पॉलिथिलीनची असेल तर पंचवीस-तीस किलोंची. फायबरग्लासची असेल तर थोडी हलकी. सगळ्यात अवघड असते ती मासेमारीची, वर बसून चालवायची कायाक. लांबी दहा ते चौदा फूटच, पण रुंदी तीन फुटांच्या घरात. वजन तीस किलोंपासून सुरू होऊन, पायाने मारायच्या पेडलची यंत्रणा, खुर्ची आणि गळ धरून पन्नासच्या वर जाते. समुद्री कायाकला उंच रॅक चालतो, कारण ती खांद्यावर घेऊन वर सरकवता येते. मासेमारीच्या होडीला तोच रॅक पाठीचे दुखणे होतो. दोन्ही कायाकच आहेत, पण ट्रकच्या बांधणीच्या दृष्टीने त्यांचे नाते फक्त नावापुरते.

होडीनंतर वजनाचा हिशेब येतो, आणि हौशी बांधणीत सर्वाधिक दुर्लक्ष त्याच्याकडेच होते. अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या बहुतेक पिकअपच्या चालकाच्या दाराच्या चौकटीवर एक पत्रक चिकटवलेले असते. माणसे आणि सामान मिळून अमुक पौंडांपेक्षा अधिक भार घालू नये, असे त्यावर लिहिलेले असते. हा आकडा त्या विशिष्ट गाडीचा असतो. जाहिरातीतला आकडा बहुधा त्याच जातीच्या सर्वांत साध्या, हलक्या गाडीचा असतो. चामड्याची आसने, मोठी चाके, टपाची काच यांचे वजन कारखान्यातच वजा झालेले असते. समजा, पत्रकावर ६३५ किलो, म्हणजे १,४०० पौंड लिहिले आहेत. दोन माणसे १४५ किलो, हौद्यावरचे फायबरग्लासचे टोपण ८६, रॅक ३६, प्लायवूडचा पाट आणि खण ६८, मासेमारीच्या दोन होड्या ९१, दहा गॅलन पाणी ३८, बॅटरी आणि फ्रीज ४१, कपडे-भांडी-शिधा ६८. बेरीज ५७३ किलो होते. उरतात ६२. यात कुठेही चैन नाही, तरीही टपावरचा ६८ किलोंचा तंबू आता या गाडीवर बसत नाही.

बेरीज जमली तरी भार कुठे पडतो हा प्रश्न राहतोच. पुढच्या आणि मागच्या आसाची मर्यादा वेगवेगळी असते, आणि मागच्या आसाच्याही मागे टाकलेले वजन तरफेसारखे काम करते. ते मागची बाजू दाबते आणि पुढची उचलते, त्यामुळे सुकाणू हलके पडते आणि ब्रेक लावताना पुढच्या चाकांची पकड कमी होते. पाण्याचे कॅन, बॅटरी, हत्यारे अशा जड वस्तू केबिनच्या भिंतीला लागून आणि तळाशी ठेवायच्या, हा नियम त्यातून येतो. मागे कमानपाट्यांची जादा पाती घातली किंवा हवेचे फुगे बसवले तर गाडी बसकी दिसत नाही, एवढेच. त्याने पत्रकावरचा आकडा वाढत नाही, कारण तो आकडा स्प्रिंगांइतकाच आस, ब्रेक, चाके आणि टायर यांचाही असतो. पूर्ण भरलेली गाडी एकदा महामार्गावरच्या ट्रक-थांब्याच्या वजनकाट्यावर नेली की दोन्ही आसांचा भार वेगवेगळा कागदावर मिळतो. थोड्या डॉलरांत होणारे हे काम रॅकचा पहिला स्क्रू पिळण्याआधी कच्च्या सामानानिशी केलेले उत्तम.

होडी ठेवायला चार जागा आहेत: हौद्यात, हौद्यावर उभारलेल्या रॅकवर, टोपणाच्या टपावर, किंवा मागच्या ट्रेलरवर. हौदा सर्वांत स्वस्त. फाळका खाली पाडला की आणखी दीड-पावणेदोन फुटांचा आधार मिळतो. त्यापलीकडे ट्रेलर ओढायच्या हुकच्या चौकोनी नळीत बसणारी इंग्रजी टी आकाराची लोखंडी चौकट लावली की बारा फुटांची होडीही नीट टेकते. मागे निघालेल्या टोकाला खूण हवी. व्यावसायिक वाहनांसाठीच्या अमेरिकी संघीय नियमानुसार भार मागे चार फुटांपेक्षा अधिक बाहेर आला तर किमान अठरा इंच चौरस, लाल किंवा नारिंगी चमकदार निशाण लावावे लागते. खासगी गाड्यांना राज्याराज्यांचे नियम लागू होतात आणि ते बरेचसे याच वळणाचे आहेत. रात्री निशाणाऐवजी लाल दिवा लागतो. पाडलेल्या फाळक्यामुळे आणि होडीमुळे नंबरपाटी किंवा मागचे दिवे झाकले जात नाहीत ना, हेही पाहावे लागते. ही पद्धत घरून तळ्यावर आणि तळ्यावरून घरी, अशा एका दिवसाच्या फेरीला सोन्यासारखी आहे. मुक्कामाला मात्र ती नडते. वाटेत पाऊस लागला, अंधार पडला आणि महामार्गालगतच्या थांब्यावर तासभर डोळा लावायचा झाला, तर आधी होडी उतरवा, ती कुठेतरी साखळीने बांधा, मग अंथरूण घाला. रोज जागा बदलणाऱ्याने होडी हौद्याबाहेर काढायची व्यवस्था पहिल्यापासून केलेली बरी.

होडी वर चढवायची ठरली की पिकअपचे एक खास वैशिष्ट्य आड येते. मोटारीचे कवच अखंड असते. बहुतेक पिकअपमध्ये तसे नसते. केबिन आणि हौदा हे दोन वेगळे डबे एका लांब पोलादी सांगाड्यावर रबरी बैठका घालून बसवलेले असतात. खडबडीत रस्त्यावर एक चाक खड्ड्यात आणि दुसरे दगडावर गेले की सांगाडा पिळतो, आणि दोन्ही डबे एकमेकांच्या विरुद्ध हलतात. त्यांच्यामधली फट डोळ्यांनी रुंदावताना दिसते. एक आडवा दांडा केबिनच्या टपावर आणि दुसरा हौद्यावर घेऊन त्यांवर होडी घट्ट आवळली, तर तो पीळ होडीच्या अंगात उतरतो. गुळगुळीत डांबरी रस्त्यावर हे खपून जाते. पॉलिथिलीनची होडी लवतेही. फायबरग्लासच्या होडीला मात्र कच्च्या रस्त्यावर तडे जाऊ शकतात, आणि दोन्ही दांड्यांना जोडणारी लोखंडी चौकट केली तर तिचे सांधेच निखळतात. म्हणून दोन्ही दांडे हौद्यावरच घ्यावेत. आखूड हौद्यावर त्यांच्यातले अंतर कमी पडते, हे खरे. मग पुढचा दांडा केबिनच्या मागच्या काचेला अगदी लागून आणि मागचा हौद्याच्या फाळक्याकडच्या टोकाला न्यायचा, आणि होडीची टोके दोऱ्यांनी सांभाळायची. होंडाची रिजलाइन यासारख्या अखंड कवचाच्या पिकअपला ही अडचण नसते, पण अशा गाड्या थोड्या.

रॅकच्या उंचीची निवड झोपण्याच्या जागेशी बांधलेली आहे. काठाच्या उंचीचा ठेंगणा रॅक चढवायला सोपा आणि वाऱ्याला कमी आडवा येणारा, पण त्याच्याखाली माणूस बसू शकत नाही. केबिनच्या उंचीचा रॅक मधला. टोपण बसवले असेल तर होडी त्याच्या टपावर जाते. इथे दोन वेगळे आकडे ओळखावे लागतात. गाडी उभी असताना टप जितका भार पेलतो, त्याच्या कितीतरी कमी भार चालत्या गाडीवर चालतो, कारण वळणे, खड्डे आणि ब्रेक त्या भाराला हेलकावे देतात. टपावरच्या तंबूत दोन माणसे झोपू शकतात म्हणून त्याच टपावर दोनशे किलो घेऊन पळता येईल, असा अर्थ होत नाही. साध्या फायबरग्लासच्या टोपणाला आतून आधार नसला तर रॅकच्या पट्ट्या थेट टपात न बसवता, भार हौद्याच्या काठावर उतरवणारी आतली चौकट लागते. उंचीही मोजून कुठेतरी लिहून ठेवावी. सहा-साडेसहा फुटांच्या गाडीवर रॅक आणि होडी चढली की ती आठ फुटांच्या वर जाते, आणि सात फुटांचा वाहनतळ किंवा घरचे गॅरेज तिच्यासाठी बंद होते.

दांड्यांवर होडी कशी टेकवायची याची साधने साधारण तीन. होडीला एका कुशीवर उभी धरणारे वाकडे हात कमी रुंदीत दोन होड्या बसवतात, पण वाऱ्याला अधिक आडवे येतात आणि चढवताना होडी जास्त उंच उचलावी लागते. बुडाच्या आकाराच्या रुंद गाद्या समुद्री कायाकला सर्वांत मानवतात. मासेमारीच्या चपट्या होडीला नुसते रबर गुंडाळलेले दांडे किंवा सपाट पट्ट्या पुरतात. ती पालथी घातली तर काठांवर टेकते आणि बूड दबत नाही. हा दाब क्षुल्लक नाही. पॉलिथिलीन उन्हात मऊ पडते. उन्हाळ्यात एका ठिकाणी आवळून ठेवलेल्या होडीला दिवसभरात खळगा पडतो आणि मग ती पाण्यात एका बाजूला ओढते. होडी मोकळी करून उन्हात उबवली की बरेचदा खळगा भरून येतो, पण नेहमीच नाही.

आवळण्याच्या पट्ट्यांबाबत अनुभवी वल्हेकऱ्यांचे एकमत आहे, आणि असे एकमत या विषयात दुर्मीळ आहे. दातेरी चाकाच्या, खटखट करत घट्ट होणाऱ्या पट्ट्या लाकडाच्या ओंडक्यांसाठी आहेत. हाताला ताण कळायच्या आत त्या होडीचे बूड चेपतात. कायाकला हाताने ओढून बसणाऱ्या साध्या चापाच्या, इंचभर रुंद पट्ट्या हव्यात, त्याही पॉलिएस्टरच्या. नायलॉन ओले झाले की ताणते, आणि कोरड्या गावी आवळलेली पट्टी पावसात सैल पडते. प्रत्येक दांड्यावर एक पट्टी असावी. तिला मध्ये एक पीळ द्यावा, म्हणजे वाऱ्यात ती फडफडून घोंघावत नाही. लांब होडीला पुढच्या आणि मागच्या टोकापासून गाडीपर्यंत स्वतंत्र दोऱ्या लागतात. त्यांचे काम होडीला खाली ओढण्याचे नसून वाऱ्याने ती डावी-उजवीकडे वळू नये हे पाहण्याचे आणि रॅक निखळलाच तर ती रस्त्यावर जाऊ न देण्याचे असते. या दोऱ्यांना मालवाहू ट्रकवाल्यांची सरकफासाची गाठ वापरतात. ती हवी तेवढी ताणता येते आणि एका झटक्यात सुटते. दोरी बंपरच्या प्लास्टिकला बांधू नये. बॉनेटखालच्या बोल्टमध्ये अडकवलेले जाड फितीचे फास आणि मागे हुकची नळी या खऱ्या बांधायच्या जागा. निघाल्यावर पहिल्या काही मैलांत एकदा थांबून सगळे हाताने चाचपून पाहतात, कारण होडी हादऱ्यांनी आपल्या जागी बसते आणि पट्ट्या तेवढ्या सैल होतात. होडीची बसायची खोबण सरळ वर असेल तर तिला झाकण घालणे सोडू नये. मुसळधार पावसात ती भरली तर शंभर किलोंहून अधिक पाणी टपावर साचू शकते.

टपावरच्या भाराची किंमत इंधनातही द्यावी लागते. अमेरिकी सरकारच्या माहितीनुसार मोटारीच्या टपावरची मोठी सामानपेटी महामार्गावर सहा ते सतरा टक्के, आणि ताशी ६५ ते ७५ मैलांच्या वेगाला दहा ते पंचवीस टक्के इंधनक्षमता खाते. कायाक निमुळती असल्याने ती पेटीइतकी आडवी येत नाही, पण रिकामे वाकडे हात लावलेला रॅक वर्षभर मिरवणारा मालक हा दंड विनाकारण भरत असतो.

जड होडी वर चढवणे हे तंत्राचे काम आहे, ताकदीचे नव्हे. होडीचे टोक मागच्या दांड्यावर टेकवून, दुसऱ्या टोकाशी येऊन ती ढकलत वर सरकवली तर एका वेळी निम्मेच वजन उचलावे लागते. मागच्या दांड्यावर रबरी रूळ बसवले की काम आणखी हलके होते. बाजूने चढवायचे असेल तर दांड्यातून बाहेर ओढता येणारी जोडनळी मिळते. तरीही पन्नास किलोंची होडी दिवसभर वल्हवून थकलेल्या एकट्या माणसाने छातीच्या वर नेणे बरे नव्हे. तिथे ठेंगणा ट्रेलर सर्वांत शहाणा ठरतो. त्याच्या वजनाचा साधारण दहा ते पंधरा टक्के भार हुकवर पडेल अशी मांडणी केली की तो मागे डुलत नाही. हौदा पूर्ण मोकळा राहतो, बिछाना घातलेलाच राहतो. अडचण एकच: अरुंद कच्च्या वाटेवर मागे वळायला जागा लागते.

आता बिछाना. हौद्यात झोपण्याची नेहमीची रीत म्हणजे चाकांच्या फुगवट्यांच्या वर येईल एवढ्या उंचीवर प्लायवूडचा पाट, आणि खाली दोन लांब खण. मोठ्या पिकअपमध्ये दोन फुगवट्यांमधली रुंदी चार फुटांहून किंचित अधिक ठेवलेली असते, कारण चार बाय आठ फुटांची प्लायवूडची फळी तिथे सपाट बसावी अशी बांधकामवाल्यांची मागणी होती. मध्यम आकाराच्या गाड्यांमध्ये ती बसत नाही, म्हणून हौद्याच्या भिंतींतल्या खाचांत आडवी लाकडे टाकून फुगवट्यांच्या वरच्या पातळीवर पाट घ्यावा लागतो. तसा पाट आपसूकच झोपायच्या उंचीला येतो. सहा फुटांच्या हौद्यात मध्यम उंचीचा माणूस फाळका लावून झोपतो. पाच फुटांच्या हौद्यात एकतर तिरके झोपायचे, नाहीतर फाळका पाडून वरून कापडी झूल सोडायची. पाट जितका उंच तितके खाली सामान अधिक आणि वर डोके कमी. उठून बसता येणार नसेल तर कपडे बदलणे, जेवणे, पावसात वेळ काढणे सगळेच कंटाळवाणे होते; म्हणून बिछान्यावर बसून डोक्याच्या वर वीतभर जागा उरते ना, हे टोपण विकत घेण्यापूर्वीच दुकानात बसून पाहतात. खणांना जड धातूचे सरकपट्टे लावण्यापेक्षा मेणाने घासलेल्या लाकडी पट्ट्यांवर सरकणारी साधी पेटी पुष्कळ वजन वाचवते, आणि अडकली तर वाटेत दुरुस्त होते.

आतल्या हवेकडे लक्ष हवे. झोपलेल्या दोन माणसांच्या श्वासातली वाफ थंड रात्री फायबरग्लासवर जमते आणि पहाटे अंथरुणावर ठिबकते. समोरासमोरच्या दोन खिडक्या बोटभर उघड्या ठेवल्या की बरीच ओल बाहेर जाते. याउलट कच्च्या रस्त्यावर धावताना गाडीच्या मागे हवेचा दाब कमी होतो आणि फाळक्याच्या फटींतून धूळ आत ओढली जाते. युटाच्या लाल मातीत एका दुपारी बिछान्याचा रंग बदलतो. फाळक्याच्या चहूबाजूंनी रबरी कड लावणे आणि टोपणाची पुढची खिडकी किंचित उघडी ठेवणे हा त्यावरचा उपाय. याच फटींतून कार्बन मोनॉक्साइडही येऊ शकतो. टोपण लावलेल्या हौद्यात मागे बसवलेल्या मुलांना धुराड्याच्या वायूने विषबाधा झाल्याच्या घटना अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात १९९२ मध्ये नोंदवल्या गेल्या. चालत्या गाडीच्या हौद्यात माणसे बसवू नयेत. उभ्या गाडीत, बंद टोपणाखाली स्टोव्ह किंवा गॅसची शेगडी पेटवू नये, ऊब हवी म्हणून तर मुळीच नाही. बॅटरीवर चालणारा वायुसूचक आत लावलेला असावा.

टपावरचा तंबू जमिनीपासून उंच, कोरडा आणि झटपट उघडणारा असतो, पण होडीची जागा तोच खातो. दोन्ही हव्या असतील तर तंबू हौद्यावरच्या ठेंगण्या रॅकवर आणि होडी त्याच्या शेजारी, अशी रुंदीची वाटणी करावी लागते. ती अरुंद समुद्री कायाकला जमते, मासेमारीच्या होडीला नाही. त्याशिवाय सकाळी गाडी हलवायची तर तंबू आवरावाच लागतो. जवळच्या धक्क्यावर होडी सोडायला जायचे एवढ्या कामासाठीही घर मोडावे लागते. साध्या जमिनीवरच्या तंबूला या विषयात कमी लेखले जाते. तळ एका जागी तीन-चार दिवस ठोकायचा असेल तर तोच सर्वांत हलका, स्वस्त आणि सोयीचा.

सामानाच्या मांडणीत ओले आणि कोरडे यांची फारकत हे मुख्य सूत्र. वल्ही, तरंगजाकिटे, भिजलेले बूट आणि पाणी उपसायचा पंप फाळक्याच्या बाजूला, जाळीच्या पिशव्यांत. कपडे आणि पांघरुणे केबिनच्या बाजूला. जे सकाळी आधी लागते ते शेवटी भरायचे. होडी न उतरवता बिछान्यावर जाता आले पाहिजे आणि बिछाना न मोडता होडी उतरवता आली पाहिजे. बांधणी जमली की नाही हे पाहण्याची याहून चांगली कसोटी नाही.

स्वयंपाकाला फाळका हाच ओटा पुरतो. अस्वलांच्या मुलखात मात्र अन्नाचे नियम कडक आहेत. योसेमिटी राष्ट्रीय उद्यानात अंधार पडल्यावर गाडीत अन्न ठेवायला बंदी आहे. ते तळावरच्या लोखंडी पेट्यांत ठेवावे लागते. वास येणारे साबण, दंतमंजन हेही त्यातच. बंद टोपण म्हणजे अस्वलासाठी फारसे अवघड कुलूप नव्हे.

विजेची गरज सहसा फुगवून सांगितली जाते. बारा व्होल्ट, शंभर अँपिअर-तासांची लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी सुमारे १,२८० वॉट-तास देते. लहान कॉम्प्रेसरचा फ्रीज उन्हाळ्यात दिवसाला चारशे ते सहाशे वॉट-तास ओढतो, म्हणजे ती दोन-तीन दिवस चालते. गाडीच्या अल्टरनेटरवरून ही बॅटरी भरायची तर मध्ये नियंत्रक चार्जर हवा, कारण आजच्या गाड्या इंधन वाचवण्यासाठी अल्टरनेटरचे व्होल्टेज वरखाली करतात. तार जोडतानाच बॅटरीजवळ फ्यूज घालावा लागतो. शिवाय ही बॅटरी गोठणबिंदूच्या खाली भरू नये. हिवाळ्यात ती हौद्यापेक्षा केबिनमध्ये बरी. फ्रीज नसेल तर हातातल्या फोनांपुरती छोटी वीजपेटी पुरे, आणि बर्फपेटी नादुरुस्त होत नाही.

रात्र कुठे काढायची हा सुरुवातीचा प्रश्न इथे पुन्हा महत्त्वाचा होतो, कारण नदीवरच्या लांब सफरीत गाडी मुक्कामाला सोबत नसते. युटातील ग्रीन नदीच्या लॅबिरिंथ कॅन्यनचे उदाहरण घेता येईल. ग्रीन रिव्हर गावच्या उद्यानातून होडी सोडून मिनरल बॉटमला बाहेर यायचे, अंतर ६८ मैल. पाणी संथ, दोन्ही बाजूंना तांबडे कडे, मुक्काम वाळूच्या पट्ट्यांवर. होडीतच तंबू, पाणी आणि शिधा भरून चार-पाच दिवस जातात आणि ट्रक तोवर एका टोकाला रिकामा उभा असतो. दोन गाड्या असतील तर एक आधी खाली पोहोचवायची, नाहीतर गाडी हलवून देणाऱ्या स्थानिक सेवेला पैसे द्यायचे. मिनरल बॉटमची वाट कड्यावरून वळणावळणांनी उतरते. २०१० च्या पावसात ती वाहून गेली होती आणि पुन्हा बांधावी लागली. अशा वाटेवर ट्रकचा खरा उपयोग कळतो: उंची, मजबूत टायर आणि ओली होडी घेऊन परत वर चढण्याची ताकद. अशा सफरी ज्यांच्या नेहमीच्या, त्यांना खण, फ्रीज आणि गादीवर खर्च करण्यात अर्थ नाही. चांगला रॅक, बंद होणारे टोपण आणि जाडजूड टायर एवढेच पुरते. याउलट सुपीरियर सरोवराच्या काठाने गाडी घेऊन फिरणारा, रोज वेगळ्या खाडीत दोन-तीन तास वल्हवणारा माणूस गाडीतच राहतो. त्याने बिछान्यावर खर्च करावा.

पश्चिमेकडच्या राज्यांत संघीय भूव्यवस्थापन खात्याच्या बहुतेक मोकळ्या जमिनींवर अठ्ठावीस दिवसांत चौदा दिवस एका जागी फुकट मुक्काम करता येतो. वनखात्याच्या जमिनीवर कोणत्या वाटेवर गाडी नेता येते याचे अधिकृत नकाशे असतात. कायाकवाल्याला आणखी एक नियम पाळावा लागतो. मूळच्या युरोप-आशियातल्या झेब्रा आणि क्वागा शिंपल्यांनी १९८०च्या दशकाच्या अखेरीपासून अमेरिकी तळी व्यापायला सुरुवात केली. २००७ मध्ये क्वागा शिंपले नेवाडा-ॲरिझोनाच्या सीमेवरच्या लेक मीडमध्ये सापडले. त्यामुळे अनेक पश्चिमी राज्यांत रस्त्यांवर होड्यांची तपासणी होते आणि ट्रकवर कायाक असेल तर थांबावे लागते. होडी धुऊन, पाणी काढून, वाळवूनच दुसऱ्या पाण्यात नेणे हे तिथे शिष्टाचाराच्या पुढे जाऊन कायद्याचे काम झाले आहे. बांधणीच्या दृष्टीने याचा अर्थ एक फडके, एक ब्रश आणि होडीचे बूच काढून ती तिरकी ठेवता येईल असा रॅक.

भारतातल्या वाचकाला यातले सगळे जसेच्या तसे घेता येणार नाही. इसुझूची व्ही-क्रॉस किंवा २०२२ मध्ये इथे आलेली टोयोटाची हायलक्स यांचे हौदे पाच फुटांच्या आसपास आहेत, आणि मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ उत्पादकाने नोंदवलेल्या मूळ तपशिलापेक्षा वेगळा बदल करायला मनाई करते. सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये ते ठामपणे सांगितले. कायमची जोडकामे करण्याआधी परिवहन कार्यालयात विचारणे भाग आहे. पट्ट्या, दोऱ्या, वजनाचा हिशेब आणि हवेची काळजी मात्र सगळीकडे तीच.

शेवटचा भाग देखभालीचा. समुद्रावरून आलेल्या होडीतून खारे पाणी हौद्यात ठिबकते. ॲल्युमिनियमचा रॅक पोलादी बोल्टने बसवला असेल तर खाऱ्या पाण्यात दोन धातूंच्या सांध्यावर ॲल्युमिनियम पोखरू लागते. मध्ये प्लास्टिकच्या चकत्या आणि बोल्टला गंजरोधक लेप लावल्याने ते लांबते, पण सांधे गोड्या पाण्याने धुणे सुटत नाही. हौद्याला भोके पाडली असतील तर त्यांच्या उघड्या कडा रंगवून बंद कराव्यात. हादऱ्यांनी सैल होणारे बोल्ट दर मोसमात पान्याने तपासावेत. पट्ट्या उन्हाने विरतात आणि वरून धड दिसल्या तरी कमकुवत झालेल्या असतात. रंग उडाला, कडेचे धागे निघाले की त्या सामान बांधायला ठेवून होडीसाठी नव्या घ्याव्यात. मोसम संपला की रॅकचे हात उतरवून ठेवावेत आणि खण रिकामे करून पाटाखालची ओल वाळू द्यावी.